सरकीने भरलेला पूल

मुलांनो,

परदेशातून पाठवलेले तुमचे चित्राचे कार्ड पोचले. नदीच्या हिरव्या पाण्यात रोमन लोकांच्या पुलाचे खांब उभे आहेत, एकाच्या डोक्यावर झुडूप उगवले आहे, आणि पाणी इतके स्वच्छ की खांबांची सावली तळाशी दिसते. मागे धाकटीने लिहिले आहे की गावच्या लोकांनी या पुलाचे दगड नेऊन डुकरांची खुराडी बांधली, आजी, किती घाणेरडे लोक! थोरल्याने विचारले आहे की आपल्या वऱ्हाडात असा एखादा पूल होता का, की आगगाडी येईपर्यंत सगळे नदीतून चालतच जात होते.

होता. मी त्या पुलाशेजारी वाढले. आणि घाणेरड्या लोकांविषयी म्हणाल, तर दगड नेऊन डुकरांना घर बांधणारी माणसे मला फारशी घाणेरडी वाटत नाहीत. डुकरांना निदान घर मिळाले.

तुमचे कार्ड पाहून मला पुलाआधी त्याचा वास आठवला. कुजलेल्या सरकीचा वास. सरकी म्हणजे कापसाचे बी. ती भिजून सडली की आंबलेल्या पिठाचा, मेलेल्या माशाचा आणि तेलकट चिंधीचा वास एकत्र येतो. मी कार्ड खाली ठेवले आणि हात धुऊन आले. हात स्वच्छच होते.

हे आत्ता लिहिण्याचे कारण असे की मागच्या महिन्यात अकोटकडे एका लग्नाला गेले होते. परतताना मी गाडी थांबवायला लावली आणि नदीत उतरून पाहिले. बरोबरच्या मंडळींपैकी एक गृहस्थ म्हणाले, "इथं पूल होता म्हणतात, पुरानं गेला." पूल पुराने गेला नाही. तो कशाने गेला हे पाहिलेल्यांपैकी आता बहुधा मीच उरले आहे. तुमची आई तुम्हाला हे वाचून दाखवील. तुम्हाला अडतील ते शब्द मी तिथल्या तिथेच समजावून सांगते.

अकोटहून अकोल्याकडे येताना पूर्णेला मिळणारी एक नदी लागते. तिच्या काठावर माझ्या आत्याचे सासर. माझी आई मी लहान असतानाच गेली. वडील अमरावतीला एका साहेबाच्या बंगल्यावर माळी होते, म्हणून त्यांनी मला आपल्या बहिणीकडे ठेवले. आत्याला मूल नव्हते, आणि मी तिथे जाण्याच्या आधीच तिचा नवरा वारला होता. सासरच्या जमिनीतून नदीकाठचा एक तुकडा तिच्याकडे होता. त्यात ती वांगी, मिरच्या, मेथी, सांबार लावी. सांबार म्हणजे कोथिंबीर. आमच्या वऱ्हाडात तिला असेच म्हणतात. बाकीची काळी जमीन तिच्या धाकट्या दिराकडे होती.

भाजीपाल्याच्या त्या वाडीला पाणी मिळे ते पुलामुळे. पूल एलिचपूरच्या कुठल्याशा बादशहाच्या वेळचा आहे, असे म्हातारी माणसे सांगत. तो माझ्या आजोबांच्याही आधीपासून मोडलेला होता. नदीच्या मधोमध दोन खांब आणि त्यांच्यावरची एक कमान शाबूत होती. दोन्ही काठांकडच्या कमानी पडलेल्या. आमच्या काठावर पुलावर चढायचा दगडी उतार तेवढा राहिला होता. तो वर चढत जाई आणि एकाएकी तुटे, आणि त्या तुटलेल्या टोकाखाली डोह होता. पडलेल्या कमानीच्या दगडांनी पाणी अडून झालेला खोल डोह. उन्हाळ्यातही तो आटत नसे.

आता मोट म्हणजे काय ते सांगते. चामड्याची मोठी पखाल दोराने पाण्यात सोडतात. दोराचे दुसरे टोक बैलांना बांधलेले असते. बैल उतारावरून खाली चालत गेले की भरलेली मोट वर येते. ज्या उतारावर बैल चालतात त्याला धाव म्हणतात. विहिरीवर मातीची धाव मुद्दाम घालावी लागते. आत्याला बादशहाने दगडाची धाव बांधून ठेवली होती. पुलाच्या टोकाशी मोट, खाली डोह, आणि पुलाच्या चढावरून बैलांची ये-जा. कुठेच न पोचणाऱ्या त्या पुलावरून आत्याचे बैल दिवसभर चालत. मोटेचा दोर टोकाच्या दगडावरून घासत येई, आणि तिथे त्याने बोटभर खोल खाच पाडली होती. आत्याच्या आधी तिची सासू, तिच्या आधी सासूची सासू, अशी ती खाच खोल होत आली होती.

आत्या म्हणे, "मायं सासर या खाचेत हाय."

ही वाडी होती म्हणून आत्या दिराच्या चुलीवर अवलंबून नव्हती. हे लक्षात ठेवा, कारण पुढचे सगळे त्यावरच आहे. डोहात पाणी तोवर वाडी, वाडी तोवर आत्याचे स्वतःचे घर. पाणी गेले की तो तुकडा दिराच्या शेतात मिळणार आणि आत्या दिराच्या ओसरीवर.

त्या वर्षांत सगळ्यांना कापसाने झपाटले होते. अमेरिकेत लढाई चालू होती आणि तिथला कापूस विलायतेला पोचत नव्हता, हे मी पुढे पुस्तकात वाचले. तेव्हा मला एवढेच दिसे की माणसे ज्वारी मोडून कापूस लावतात आणि मग ज्वारी महाग झाली म्हणून ओरडतात. घरोघर बाया चरकीवर कापसातून सरकी काढत. रुईचे तंतू दुधावर तरंगत, भाकरीत येत, झोपलेल्या लेकरांच्या नाकाभोवती चिकटत. गावाबाहेर सरकीचे ढीग साचले होते. गुरांनी खाऊन उरलेली सरकी तिथेच पडून मातीत मिसळे, आणि त्या ढिगांवर कुत्री लोळत.

ओली रुई वजनाला जास्त भरते. म्हणून बोजे बांधताना रुईवर पाणी फवारायची रीत पडली होती. हातांनी शिंपडले तर थेंब पडून डाग दिसतो, म्हणून माणसे पाणी तोंडात धरून फुर्र करून फवारत. तंबाखू खाल्लेल्या तोंडांनी. मग वर चढून पायांनी तुडवत. ती रुई विलायतेला जाऊन तिचे कापड होई आणि परत येऊन आमच्याच बाजारात विकले जाई. पुढे बंगल्यात पहिल्यांदा विलायती मलमल हातात आली तेव्हा मी ती आधी हुंगली होती.

त्या वर्षी पौषात गाड्यांची रीघ लागली. अकोटकडचा सगळा माल अकोल्याच्या बाजारात जायचा, आणि नदीतली वाट गाड्यांनी तुडवून तुडवून नुसता काळा चिखल झाली होती. गाड्या आसापर्यंत रुतत. बैलांना शेपट्या पिरगाळून, टोचण्या टोचून बाहेर काढत. तेव्हा अकोल्याचा एक दलाल आत्याच्या दिराकडे आला. तो पांढरी पगडी घालून पुलावर चढला, टोकाशी उभा राहिला, आणि मोटेकडे न पाहता खाली डोहात थुंकला.

पलीकडच्या बाजूची पडलेली कमान कोरड्या वाळूत होती. ती दगडमातीने भरता येई. अडचण होती ती आमच्या बाजूची, डोहावरची. एवढी माती वाहून आणायला गाड्या लागल्या असत्या, आणि एकही गाडी रिकामी नव्हती. दलालाने सरकीच्या ढिगांकडे बोट दाखवले. "ही घाण फुकट पडली आहे. पोत्यांत भरा आणि टाका खड्ड्यात. वर माती, त्यावर पळसाच्या फांद्या. झाला रस्ता."

दिराला हे इतके आवडले की तो हसतच आत्याकडे आला. आत्या मिरच्या तोडत होती.

"वयनी, तुया मोटेची जागा लागते."

"मोटेची जागा देल्ली त मोट कुठी लावू? तुमच्या डोक्यावर?"

"तू वांगे धरून बसली न् लोकं चांदी नेऊन राह्यले. आपणबी कापूस लावू ना अठी. काळी जमीन हाय, वांगे कायले?"

"भाऊजी, कापूस खाता काय तुमी?"

दलाल मागे उभा होता. त्याने समजूत घालण्याचा आवाज काढला. "बाई, पूल चांगला रुंद आहे. अर्धा पूल तुमचा, अर्धा आमचा. तुमची मोट तिकडच्या कडेला चालू द्या, आमच्या गाड्या इकडच्या कडेनं जातील. मधे ओंडक्यांची भिंत घालून देतो. तुमच्या पाण्याला धक्का लागणार नाही."

आत्याने खाचेकडे पाहिले. खाच तिच्याच बाजूच्या कडेला राहत होती. दिराला नाही म्हटले तर तो तुकडाच काढून घेईल, हे तिला ठाऊक होते. ती म्हणाली, "अर्धा देतो. मायी कड कोनी शिवायची नाई."

मग सरकीची पोती आली. गोणपाटाची, फाटकी, काही पोत्यांतून कुत्र्याचे केस आणि शेणही येत होते. टोकापासून मधल्या कमानीच्या आमच्याकडच्या खांबापर्यंत डोहाचा अर्धा भाग त्यांनी पोत्यांनी ठासून भरला. ठासून म्हणजे माणसे वर उभी राहून नाचत होती. आत्याच्या बाजूला सागाचे ओंडके रोवून भिंत केली होती. खालची पोती पाण्यात, वरची कोरडी, त्यावर माती. नारळ फोडला, गुलाल उधळला. पहिली गाडी गेली तेव्हा बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या होत्या. शेंबी म्हणजे शिंगाच्या टोकावर बसवायचे टोपण. एरवी ती पितळेची असे. त्या वर्षी लोकांना बैलांच्या शिंगांवरसुद्धा चांदी घालायला सुचत होते. पोरेबाळे ओरडली, बायांनी ओवाळले. मीही ओरडले. नऊ-दहा वर्षांची होते, आणि पूल पुन्हा पूल झाला होता.

थोड्याच दिवसांत मोटेतून फेस येऊ लागला.

आधी पिवळट फेस, मग फुगलेली सरकी. गोणपाट कुजून फाटत होते आणि बी बाहेर येत होते. बोटात धरले की ते पिचके आणि आतून पांढरा चिकट गर निघे. मोट थारोळ्यात, म्हणजे पाणी ओतायच्या कुंडीत, रिकामी झाली की तळाशी तो गर साचे. पाटांच्या कडांना बुळबुळीत साय धरली. मग मासे वर आले, पोट वर करून. डोहाचे पाणी कोमट लागे. हिवाळ्याच्या सकाळी त्याच्यावर वाफ दिसे आणि त्या वाफेलाही वास होता. वांग्यांच्या मुळांशी तोच गर वाळून पापड्या झाला. मी पाट मोकळे करायला बसे. नंतर कितीही राखेने हात घासले तरी भाकरीला तोच वास येई. मी जेवणे कमी केले. आत्याने मला चमच्याने भात खायला घातला, कारण मला माझा हात तोंडाजवळ न्यायचा नसे.

बाजारात एक म्हातारी गिऱ्हाईक नेहमी आत्याकडूनच वांगी नेई. तिने एक वांगे हुंगले आणि परत टोपलीत टाकले.

"काय वो बाई, वांगे हायेत का मेलेले उंदीर?"

"पाणी थोडं बिघडलं. धुवून घ्या."

"कशानं धुवू? तुयाच पाण्यानं?"

आजूबाजूच्या बाया हसल्या. आत्याने टोपली उचलली आणि वाटेत सगळी वांगी एका गाडीच्या बैलांपुढे ओतली. बैलांनीही त्यांना तोंड लावले नाही.

ती दिराकडे गेली. दीर म्हणाला, माल निघून गेला की पोती काढू. दलालही तेच म्हणाला. दोघेही नाकाला पागोट्याचा शेव लावून बोलत होते.

आता एक गोष्ट सांगते, तिची मला आजही किळस येते, आणि ती वासाची नाही. आमच्या गावात घरोघर म्हशी होत्या. दर संध्याकाळी प्रत्येक घरात म्हशीसाठी सरकी भिजत घालत. सकाळी ती फुगून दुप्पट होई, घमेल्याबाहेर येई, हे लेकरांनाही ठाऊक होते. दलालाच्या घरी म्हैस होती. दिराच्या घरी दोन होत्या. आत्या स्वतः रोज भिजवी. तरी पोत्यांवर नाचताना, नारळ फोडताना, आणि पुढे फेस निघाल्यावरही हे कोणाच्या मनात आले नाही. सरकी ही घाण आहे आणि ती फुकट आहे, एवढेच सगळ्यांच्या डोक्यात होते.

आत्याच्या लक्षात आले ते एका मडक्यामुळे. घमेले गळत होते म्हणून तिने त्या संध्याकाळी सरकी मडक्यात घातली. बाजारातून वैतागून आली होती, मडके गळ्यापर्यंत भरले गेले. वर पाणी ओतले आणि शेळीने तोंड घालू नये म्हणून जड दगड ठेवला. सकाळी मडके उभे चिरलेले होते. दगड जागेवर होता. मडक्याच्या भेगेतून फुगलेली सरकी बाहेर आली होती, जशी एखाद्याच्या दातांतून भाकरी दिसते तशी.

आत्या त्या मडक्यापुढे बसली. मग म्हणाली, "पोरी, चाल."

आम्ही पुलावर गेलो. ओंडक्यांची भिंत आमच्या बाजूला पोट काढून उभी होती. आत्या डोहात कंबरेएवढ्या पाण्यात उतरली. मी काठावरूनच पाहिले, कारण त्या पाण्यात पाय घालणे मला शक्य नव्हते. मधल्या खांबाला पाण्याच्या वर एक ताजी भेग होती. आतला चुना पांढरा दिसत होता. एवढी वर्षे ऊन-पाणी न लागलेला, दुधासारखा पांढरा. आणि खांब, तो बादशहाचा खांब, पलीकडे कलला होता. टोकाच्या दगडातही भेग पडली होती, खाचेपासून थोड्याच अंतरावर.

तिने मडक्याच्या खापऱ्या पदरात घेतल्या आणि दिरापुढे ओतल्या. दलालही तिथेच होता.

"पाहा. पुलाचं असंच होऊन राह्यलं."

दीर खापऱ्यांकडे पाहत राहिला. त्याला कळले होते. त्याचा चेहरा मला स्पष्ट आठवतो. त्याला कळले होते. पण दलाल हसला, तसा तोही हसला.

"वयनी, हे मडकं हाय. थो बादशाचा पूल हाय."

"मडकं कालचं, नवं होतं, भाऊजी. पूल जुना हाय."

"पूर आले न् गेले. त्याले काई नाई झालं."

"पूर येते न् निंघून जाते. हे आत बसून हाय."

दलाल म्हणाला, "बाई, गाड्या आता थोड्याच राहिल्या. मग तुमचा पूल तुम्हाला."

आत्या परत आली आणि तिने बैल जुंपले. दोराची मोट सोडवून बाजूला ठेवली आणि तो जाड दोर ओंडक्यांच्या भिंतीतल्या मधल्या ओंडक्याला बांधला. ओंडका निघाला असता तर सरकी आमच्या बाजूला मोकळ्या डोहात सांडली असती. आणखी घाण झाली असती, पण खांबावरचा जोर गेला असता. बैल धावेवरून खाली चालले, दोर ताणला, ओंडका करकरला. तेवढ्यात दीर पळत आला आणि त्याने बैलांचे जू सोडवले. आत्याच्या हातून कासरा हिसकला.

"लोकांचा माल डुबवतं काय? वेडी झाली काय तू?"

त्यानंतर त्याने बैल स्वतःच्या गोठ्यात बांधले. मोट थांबली.

पूल पडला तो भर दुपारी. मी आणि आत्या घागरींनी मिरच्यांना पाणी घालत होतो. आम्ही ते पाणी दूरवरून, नदीच्या वरच्या अंगाने आणत होतो. अकोटकडून एक गाडी आली, रुईचे बोजे झोपडीएवढे उंच रचलेले. ती मधल्या कमानीवर आली आणि खांबातून आवाज आला. फार मोठा नव्हता. मोठे लाकूड वाकताना होतो तसा. खांब पलीकडे सरकला, कमान खाली बसली, आणि गाडी मागे कलंडून डोहात, त्या सरकीच्या लगद्यात आली. त्यामागोमाग आमच्या बाजूची माती, पोती, आणि टोकाचा गाड्यांकडचा अर्धा भाग कोसळला.

गाडीवान उडी मारून वाळूत पडला. त्याचा पाय दुखावला, पण तो वाचला. बैल जुवाला बांधलेले होते.

आता मी जे पाहिले ते सांगते. मागच्या गाड्यांवरची माणसे, काठावरचे हमाल, गावातले लोक, सगळे धावत आले आणि पाण्यात शिरले. नाक दाबून धरणारे दलाल आणि दीर त्या घाणीत छातीपर्यंत गेले. आणि सगळ्यांनी बोजे धरले. रुई तरंगत होती, तिला बाहेर ओढत होते. "धर, धर, भिजून राह्यला!" बैल पाण्याखाली जात होते, वर येत होते, त्यांच्या नाकातोंडात फुगलेली सरकी गेली होती, आणि माणसे त्यांच्या पाठीवर पाय देऊन बोजे ओढत होती. गाडीवान वाळूतून ओरडत होता, "माये बैल! अरे, माये बैल!"

आत्या विळा घेऊन गेली. तिने एका बैलाच्या मानेचा पट्टा कापला. तो कसाबसा बाहेर आला, थरथरत, लगद्याने माखलेला, आणि ओकला. बैल ओकतो हे मला माहीत नव्हते. दुसऱ्यापर्यंत ती पोचली तेव्हा तो खाली गेला होता.

भिजलेली रुई वाळत घालायला जवळात जवळ सपाट जागा आत्याची होती. त्यांनी ती मेथीवर आणि मिरच्यांवर पसरली. पसरताना कोणीतरी म्हणाला, "आता वजन भरते बघ," आणि दोघेतिघे हसले. दीरही हसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेलेला बैल वर आला होता, एका कुशीवर. आदल्या दुपारी त्याच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या होत्या, त्या मी पाहिल्या होत्या. आता शिंगे रिकामी होती. टोकांना चाकूचे ओरखडे होते. कोणीतरी त्या घाणीत पुन्हा उतरले होते, बैलासाठी नव्हे.

दोन दिवस तो तसाच राहिला, त्याला काढायला कोणी माणूस बोलावलाच नाही. गाड्या पुन्हा जुन्या चिखलाच्या वाटेने जाऊ लागल्या. दलाल तिकडे फिरकला नाही. पुढे पडलेले बरेचसे दगड त्याच्याच माणसांनी गाड्यांतून नेले. रुई उतरवायला ओटा बांधायचा होता म्हणे.

डोह राहिला नाही. जिथे खोल पाणी होते तिथे दगड आणि सरकीचा चिखल झाला, आणि थोड्या दिवसांनी त्या चिखलावर कपाशी उगवली. हजारो दुपानी रोपे, घाणीत दाटीने उभी, बघवत नसे इतकी हिरवी. गावातले लोक कौतुकाने पाहायला आले. दीर म्हणाला, "पाह्य, वयनी, लक्ष्मी उगवली." आणि त्याच पावसाळ्यात तिथे पाणी नाही म्हणून त्याने वाडी मोडून कापूस लावायचे ठरवले. आत्याने ओसरीवर येऊन राहावे, असे तो म्हणाला. त्याने ते चांगल्या शब्दांत सांगितले, हे मी लपवत नाही.

 आत्याने माझे कपडे बांधले, मिरच्यांचे आणि वांग्यांचे बी पुरचुंडीत घेतले, आणि मोट खांद्यावर टाकली.

"मोट कायले नेतं?" दीर म्हणाला. "तथी बंगल्यावर मोट नसंन काय?"

"ही मायी हाय. मह्या बापानं देल्ली."

आम्ही अमरावतीला माझ्या वडिलांकडे आलो. तिथेही रस्त्यांवर रुई उडत होती, पण बंगल्याच्या बागेला भिंत होती. आत्याने बागेच्या विहिरीवर काम धरले, आणि वडिलांबरोबर ती तिथेच राहिली. साहेबाच्या बायकोने मला पहिली इंग्रजी अक्षरे त्याच बागेत शिकवली; पुढे लग्नानंतर तुमच्या आजोबांनी बाकीचे शिकवले. तुमची आजी इंग्रजी पुस्तके वाचते याचे लोकांना नवल वाटते. त्याचे मूळ त्या चिखलात आहे, आणि याबद्दल मला सरकीचे आभार मानावेसे कधी वाटले नाहीत.

लढाई संपली, भाव बसला. एका उन्हाळ्यात आत्याचा दीर अमरावतीला आला. कुंपणाच्या दाराशी उभा राहिला. पागोटे तेच होते, मळलेले. आत्याने त्याला ओट्यावर बसवून पाणी दिले.

"वयनी, डोह उपसू म्हन्तो. दगडं काढू. तू आली त वाडी पुना होते. तुले माईत हाय तथचं सारं."

मी दाराआड उभी होते. आत्या परत जाईल असे मला वाटले. त्या खाचेची आठवण ती रोज काढी. बंगल्याच्या विहिरीला लोखंडी चाक होते, आणि ते तिला कधी आवडले नाही.

ती म्हणाली, "येतो. पन आधी एक सांगा, भाऊजी. त्या मेल्या बैलाच्या शेंब्या कोनी काढल्या?"

दिराने पाण्याचा तांब्या खाली ठेवला.  "मी नाही" एवढे शब्दसुद्धा त्याच्या तोंडून आले नाहीत. आपल्या हातांकडे पाहून तो उठला आणि निघून गेला. आत्याने तो तांब्या राखेने घासला, दोनदा, आणि मग पुन्हा एकदा.

ती परत गेली नाही. डोहही कोणी उपसला नाही.

तेव्हा, मुलांनो, तुमच्या रोमन पुलाचे दगड नेणाऱ्यांवर फार रागावू नका. मी मागच्या महिन्यात आमच्या नदीत उतरले तेव्हा पाणी थोडे आणि स्वच्छ होते. वास नव्हता, तरी मी पदर नाकाला लावला होता, हे माझ्या नंतर लक्षात आले. मधली कमान नाही. तिचे खांब नाहीत, एकाचा बुंधा तेवढा वाळूबाहेर दिसतो. डोह नाही, वाडी नाही. तिथे आजही कापूस आहे. पण आमच्या काठावरचा दगडी उतार आहे. त्याच्या टोकाचा आत्याच्या बाजूचा अर्धा भाग आहे. त्याच्या कडेला दोराची खाच आहे. मी तिच्यात बोट घालून पाहिले. अजून मावते.